केनियात फादर काकांना भेटायला जायचंय, काय काय न्यावं?

वसईची_पोर: आमचे काका सेल्सियन (डॉन बॉस्कोवाल्या संस्थेचे) फादर, काकुमाच्या निर्वासित कॅम्पात पोरांना वेल्डिंग, शिवण वगैरे शिकवतात. डिसेंबरात जायचंय, मुलांसाठी खेळणी-चॉकलेटं नेऊ का?

सुमीत: चॉकलेट तिथल्या तुर्काना जिल्ह्याच्या उन्हात वितळेल 😄 काकांनाच विचार काय हवंय ते, तिथल्याच दुकानातून घे. आणि पोरांचे फोटो स्टेटसला नको हां, दक्षिण सुदान, सोमालियातून जीव वाचवून आलेली असतात ती, प्रेक्षणीय स्थळ नाहीत.

भटक्या: यलो फीव्हरची लस निघायच्या किमान 10 दिवस आधी घे, नाहीतर परतताना मुंबईत क्वारंटाइन करतात. 2024 पासून केनियाला व्हिसाऐवजी ऑनलाइन ईटीए (प्रवासाची ई-परवानगी) लागते. कॅम्पात शिरायची परवानगी वेगळी, ती काकांनाच काढायला सांग.

वसईची_पोर: लसीचं माहीतच नव्हतं, थँक्स दादा!