पिंपं की टाकी? शनिवारच्या आत सांगा

प्रेषक: माधव
मंडळी, पुण्यातूनच लिहितोय. रविवारी पहाटे विमान, म्हणून घाई. पर्वतीच्या वस्तीत आपल्या परदेशातल्या मंडळानं हाती घेतलेल्या सोळापैकी अकरा घरांत संडास बसले. भांडी बसली, दारं लागली, चेंबरला जोडणी झाली. मधल्या गल्लीत पाइपाचा उतार उलटा पडला होता, तो परत खणून घेतला. त्यावरून जे रामायण झालं ते नंतर.

आता पाण्यावर अडलंय. घरटी नळ आहे, पण वरच्या गल्लीत पाणी पहाटे पाच ते साडेसहा, तेही करंगळीएवढी धार. हंडे-कळशा भरेपर्यंत पाणी जातं, संडासात टाकायला उरत नाही. म्हणजे नवा कोरा संडास घरात आणि बाई परत सार्वजनिकच्या रांगेत. काल एका घरात पाहिलं तर नव्या भांड्यावर फळी टाकून वर कांद्याची पिशवी ठेवलेली.

गल्लीतल्या बायकांचं म्हणणं, घरटी एक निळं पिंप द्या. २०० लिटरचं, झाकणाचं, खाली तोटी बसवलेलं. मंडळाच्या ठरावात मात्र 'सामायिक टाकी' लिहिलंय. दुकानदार शनिवारी दुपारपर्यंत थांबतोय. हो की नाही एवढंच कळवा, भाषणं नकोत.

प्रेषक: वसंतकाका
माधव, ठराव म्हणजे ठराव. सर्वसाधारण सभेत ५,००० लिटरची टाकी मंजूर झाली, त्यावर मंडळाचं नाव घालायचं ठरलं. गणपतीत वडापावच्या स्टॉलवर आपण त्या टाकीचं चित्र लावून पैसे गोळा केलेत. आता लोकांना काय सांगायचं? पिंपावर नाव कुठे घालणार, झाकणावर? बदल करायचा तर कार्यकारिणी बोलवावी लागेल. वह्यांच्या वेळचा गोंधळ मी विसरलेलो नाही.

प्रेषक: नेहा
काका, जरा हिशेब. करंगळीएवढी धार म्हणजे मिनिटाला फार तर पाच लिटर. दीड तासात साडेचारशे. तुमची टाकी भरायला अकरा दिवस लागतील, तेही मधे कुणी भांडंभर पाणी घेतलं नाही तर. भरली तर वजन पाच टन. पर्वतीच्या उतारावर, पत्र्याच्या घरांमधे, ती ठेवणार कुठे? आणि सामायिक टाकी म्हणजे तिथून परत हंडा डोक्यावर घेऊन घरी. साध्या भांड्याला एका वेळी दोन-तीन लिटर पुरतं. २०० लिटरचं पिंप एका घराला दोन दिवस आरामात जातं. माझं मत पिंप.

प्रेषक: सुलभाताई
नेहाचं वाचून आमचा नारायण पेठेतला वाडा आठवला. नऊ बिऱ्हाडं, मागच्या अंगणात दोन संडास. प्रत्येकाचा डबा वेगळा. आमच्या डब्याला पोचा होता आणि फरशीवर ठेवला की एका बाजूला कलंडून टण् वाजायचा. आवाजावरून अख्ख्या वाड्याला कळायचं की कोण आत गेलं. आजी पहाटे चारला उठून जायची, पुरुष उठायच्या आत. पानशेत फुटलं तेव्हा मी सात वर्षांची होते. अंगणातला चिखल उपसला, पण नळाला पाणी कुठलं? धरणंच गेलेली. रांगेत उभं राहून घागर आणायची आणि त्यातलं कुणी संडासाला वापरलं की आई ओरडायची. ती बाई कांदे का ठेवते ते मला न सांगता कळलं.
माधव, झाकण घट्ट बसणारं बघ हो. उघड्या पिंपात डेंग्यूचे डास होतात.

प्रेषक: वसंतकाका
सुलभाताई, १२ जुलै १९६१, बुधवार होता. आम्ही शनिवार पेठेत राहायचो, पाणी दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला लागलं होतं. तुमच्या वाड्याच्या शेजारचा तालमीचा वाडा पडला तो त्याच दिवशी ना? की तो नंतर पाडला?

प्रेषक: सुलभाताई
नंतर पाडला. तालीम राहिली की.

प्रेषक: किरण
वाड्यांचं राहू द्या. माझी मावशी सिंहगड रस्त्याला राहते. जानेवारी २०२५ मधे नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे (हातपाय लुळे पडतात तो मज्जातंतूंचा आजार) रुग्ण निघाले तेव्हा तिची सोसायटी आठवडाभर जार आणत होती. संशय पाण्यावरच होता. आपण लोकांना पाणी साठवायला पिंपं देणार आणि उद्या कुणी आजारी पडलं तर? आणि ही निळी पिंपं बहुतेक रसायनाची जुनी असतात, हे कुणाच्या लक्षात आलंय का?

प्रेषक: माधव
किरण, पिंप फक्त संडासाचं. पिण्याचं पाणी स्टीलच्या कळशीत, पहाटेच्या धारेचं, त्यात क्लोरीनचे थेंब. हे बायकांनीच ठरवलंय, मी नाही. रसायनाचा मुद्दा बरोबर आहे. दुकानात वाकून वास घेतला, एकाला फिनेलसारखा आला, ते बाजूला काढायला लावलं. नवी घेतोय. थोडी महाग पडतात.

प्रेषक: अभिजित, खजिनदार
माझ्याकडे कुणी बघणार आहे का? पिंप असो की टाकी, मंडळाच्या खात्यातून माधवच्या पुण्याच्या खात्यात मी एक पैसा टाकणार नाही. आपलं मंडळ परदेशी संस्था आहे, एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांचा कायदा, लागतो. संडासांचे पैसे नोंदणी असलेल्या संस्थेला दिले, तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या खात्यात. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती संस्था ते दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही, आणि पिंपं तिच्या अंदाजपत्रकात नाहीत.

वाट एकच. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी आपल्या कमाईतले पैसे बँकेमार्फत पाठवावेत, ते परकीय योगदान धरत नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या ओसीआयवाल्यांचे धरतात. त्यामुळे क्षमस्व, अर्धं मंडळ बाद.

प्रेषक: वसंतकाका
म्हणजे बावीस वर्षं वर्गणी भरणारा मी परकीय?

प्रेषक: नेहा
कागदावर, काका. फुल्यांनी १८६८ साली गंज पेठेतला आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला तेव्हा त्यांना कार्यकारिणी लागली नव्हती, एवढंच म्हणते. माझा पासपोर्ट भारतीय आहे. माझे तीन पिंपांचे धर.

प्रेषक: किरण
एक शंका. फुकट का द्यायचं? शेल्टर असोसिएट्स पुण्यात 'एक घर एक शौचालय' करते, तिथे सामान संस्थेचं आणि बांधकाम घरच्यांचं. आपल्याकडेही तसंच होतं ना? मग पिंपाला थोडा हिस्सा घ्या. फुकटचं पिंप महिन्यात पाणी सोडून धान्य साठवायला जाईल.

प्रेषक: सुलभाताई
धान्य साठवलं तर साठवलं. घरात सहा माणसं आणि एकच खोली, उंदीर वेगळे.

प्रेषक: माधव
किरण, त्यांनी हिस्सा घातलाय. गवंड्याची मजुरी घरच्यांनीच दिली, दोन घरांनी त्यासाठी कर्ज काढलंय. तोट्या ते बसवणार आहेत, त्यांच्यातल्याच एकाला प्लंबिंग येतं.

नेहाची तीन, मी चार, सुलभाताईंच्या मुलीची चार (तिचा पासपोर्ट भारतीय आहे, फोनवर विचारून घेतलं). झाली अकरा. टाकीचा ठराव तसाच राहू दे, पुढच्या सभेत हवं ते करा.

प्रेषक: माधव
पिंपं पोचली. टेम्पो खालच्या रस्त्यापर्यंतच येतो, तिथून पोरांनी घरंगळत वर नेली, सगळी वस्ती बघायला बाहेर. एक घर राहिलं. पिंप तेवीस इंच रुंद, त्यांचं दार एकवीस. चौकट काढायची की दोन लहान पिंपं घ्यायची यावर सासू-सूनेचं चाललंय. सुनेला लहान हवीत, तिलाच ती घासायची आहेत. दुकान आठला बंद होतं, मी निघालो.

प्रेषक: वसंतकाका
छान. पावती मंडळाच्या नावानं घे.

प्रेषक: अभिजित, खजिनदार
काका, नको!!