विषय : शेगडीच्या बटणावरची चिकटपट्टी

नमस्कार मंडळी,
वर्गणीच्या आठवणींच्या गर्दीत एक घरगुती रडगाणं. गेल्या आठवड्यात आम्ही घर बदललं. आधीच्या घरी पाइपचा गॅस होता, इथे सिलिंडर. शेगडी आमचीच, सोबत आणलेली. आलेल्या माणसाने नळी जोडली, पेटवून दाखवली आणि गेला. आता मोठ्या बर्नरचं बटण दाबून धरलं तर तो पेटतो, सोडलं की विझतो. लेकाने शक्कल लढवून बटण दाबलेलंच राहील अशी आडवी चिकटपट्टी मारून दिली. तीन दिवस छान चाललंय, पण नीट दुरुस्त करणारं कुणी माहीत असेल तर कळवा. घाई नाही.
– नव्या घरातली वहिनी

---

अगं, घाई आहे. आधी ती पट्टी काढ, मेल नंतर वाच.

बर्नरच्या कडेला धातूची एक बारीक कांडी वर आलेली दिसेल. (पांढऱ्या चिनीमातीतली ठिणगीची, ती वेगळी.) ज्योतीने ती तापली की काही मिलिव्होल्ट वीज तयार होते आणि तेवढ्या जोरावर आतला चुंबक गॅसची झडप उघडी धरतो. उतू जाऊन किंवा वाऱ्याने ज्योत विझली तर कांडी गार होते, चुंबक सुटतो, गॅस बंद. पेटवल्यावर बटण काही सेकंद धरावं लागतं ते त्या कांडीला तापायला वेळ मिळावा म्हणून. तुमच्या चिरंजीवांनी हा पहारेकरीच बांधून ठेवला. आता ज्योत विझली तरी गॅस येतच राहणार.

बहुतेक वेळा दोष किरकोळ असतो : कांडीच्या टोकावर राप, किंवा बर्नरची टोपी धुऊन परत ठेवताना तिरकी बसलेली. पण मला दुसरंच खटकतंय. पाइपच्या गॅसची शेगडी सिलिंडरला लावताना आतली जेट (बर्नरमध्ये गॅस सोडणारी बारीक भोकाची तोटी) बदलली का? पाइपच्या गॅसला जेटचं भोक मोठं लागतं. सिलिंडरचा गॅस येतो जास्त दाबाने, आणि तेवढ्याच आकारमानात उष्णता साधारण अडीचपट. मोठ्या भोकातून तो इतका सुटतो की जळायला हवा पुरत नाही. ज्योतीचा रंग सांग. भांड्यांची बुडं काळी होतायत का, तेही.
– आयुष्यभर शेग्या उघडलेला काका

(शेगड्या. बोटं जाडी झालीत.)

---

काका, पट्टी काढली. ज्योत पिवळी, वर लांब जिभा निघतात. बुडं काळीकुट्ट, मी इतके दिवस घासणीला बोल लावत होते. पण काळजी नको, गॅसचा अलार्म आहे, जुन्या घरातला, छताजवळ लावलाय. बाकी सगळ्यांची डोकी मात्र ठणकतायत, सामान लावून लावून.
– वहिनी

---

मध्येच तोंड घालते. सगळ्यांची? एकाच वेळी? बाहेर गेलं की बरं वाटतं का? तसं असेल तर ते सामानाचं दुखणं नव्हे. हवा कमी पडून गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. शेगडी बंद करा, सगळे घराबाहेर पडा आणि आत्ताच दवाखाना गाठा. तिथे स्वयंपाकघरातल्या पिवळ्या ज्योतीचं आवर्जून सांगा, नाहीतर सर्दी-तापात काढतील. आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर 98 दाखवतोय म्हणून घरी बसू नका. साध्या ऑक्सिमीटरला या वायूने व्यापलेलं रक्त ऑक्सिजनने भरलेलं वाटतं.
– तुमची नर्सताई

---

ताई म्हणते ते आधी. परत आल्यावर अलार्मचं बघ. गॅसगळतीचा अलार्म कार्बन मोनॉक्साइड ओळखेलच असं नाही, त्याला वेगळा लागतो. शिवाय तुमचा आहे छताशी. पाइपमधला मिथेन हवेपेक्षा हलका, वर चढतो, म्हणून जुन्या घरात ती जागा बरोबर होती. सिलिंडरचा गॅस हवेच्या दीडपट ते दुप्पट जड. तो जमिनीवर पाण्यासारखा पसरतो, तळघरात उतरतो. अलार्म त्याच गॅसचा हवा आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर.

वास आला तर दिव्याच्या, पंख्याच्या बटणाला हात नाही. लावायलाही नाही, बंद करायलाही नाही, ठिणगी दोन्ही वेळा पडते. सिलिंडर बंद करून दारं उघडायची, बाहेर जाऊन मग फोन. दारात उभं राहून 'येतोय का अजून वास?' करत हुंगत बसायचं नाही. नाक थोड्या वेळात त्या वासाला सरावतं आणि गॅस गेला असं वाटतं.
– काका

---

मंडळी, कळवायला दोन दिवस लागले. तिघांच्याही रक्तात कार्बन मोनॉक्साइड निघाला. काही तास ऑक्सिजन देऊन घरी सोडलं, आता बरे आहोत. परवानाधारक तंत्रज्ञ आला. जेट पाइपच्याच गॅसची होती, काका. जुनं आणि नवं त्याने माझ्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवलं : पितळेचे दोन मणी, एकाचं भोक नुसत्या डोळ्यांना दिसेना. जेट बदलली, दाब तपासला. नळीच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावलं तर एका ठिकाणी बुडबुडे आले, तो सांधाही घट्ट केला. कांडी नुसती वाकलेली होती, ज्योत तिच्यापर्यंत पोचतच नव्हती. दोन मिनिटांचं काम.

ज्योत आता निळी आणि इतकी बुटकी, की मला वाटलं काहीतरी बिघडलंच. लेक चिकटपट्टीचा चिकटा खरवडतोय.
– वहिनी