डेक घ्या म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

गुलमंडीकर
काल इथं एकानं लिहिलं, "मोबाईलवर ऐकणाऱ्याला गाणं कळतच नाही, खरा आवाज कॅसेटात, जुना डेक (कॅसेट वाजवायचं-भरायचं मशीन) घ्या." तेव्हापासून डोकं तापलंय म्हणून लिहायलोय. अहो टेप असती ३.८१ मिलिमीटर रुंद, तेवढ्यात दोन्ही बाजूचे मिळून चार ट्रॅक, अन पळती सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर. १९६३ ला फिलिप्सनं काढली तेव्हा बोलणं भरून घेणं एवढाच विचार होता. एवढ्या बारीक पट्टीत सूंऽऽ येणारच, ते दाबायलाच तर डॉल्बी आणावं लागलं (मिरवणुकीतलं नव्हे, सूं कमी करणारं सर्किट). अन आज जे नवीन डेक विकायलेत त्यात डॉल्बी नाही, आतलं मेकॅनिझम बहुतेकांत एकाच स्वस्त जातीचं. हे घ्या म्हणून पोरांना सांगता? ज्याच्याकडं फक्त मोबाईल हाय त्याला गाणं कळत नाही असं म्हणायचा अधिकार कुणी दिला?

डेकवाला_जालना
ते मीच लिहिलं अन परत लिहीन. नवीन डेक घ्या असं मी कुठं म्हणलो? जुना घ्या, बेल्ट बदला, हेड (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) साफ करा. मेटल टेप (भारी जातीची), तीन हेडचा डेक, बायस (भरताना टेपला द्यायचा सिग्नल) नीट लावलेला, मग सांगा सूं किती येतंय ते. तुम्ही आयुष्यभर टू-इन-वनवर ऐकलं असंल. आणि माझा मुद्दा ऐकण्याचा होता. माझा पोरगा मुखडा संपायच्या आधी गाणं बदलतो. कॅसेट लावली की बाजू संपेपर्यंत माणूस बसतो.

गुलमंडीकर
मग राग पोरावर काढा की, त्यासाठी टेपचा आवाज मोठा कशाला करता.

मानवतची_लेक
दादा, आवाज चांगला का वाईट ते तुमचं तुम्ही बघा. माझ्या वडिलांची भारुडं कॅसेटवर होती. गावातल्या सप्त्यात कुणीतरी टेप समोर ठेवून भरलेली, मधूनच कुत्रं भुंकतंय, बाया हसतेत. नात्यातल्याच एकानं "कम्प्युटरवर घेऊन देतो" म्हणून नेली. त्यानं चॅनेलवर टाकलं, निम्मं कापून, वडिलांचं नाव नाही. कॅसेट अजून परत नाही. आता फोन उचलत नाही.

वायर_नांदेड
ताई वाईट वाटलं, पण चॅनेलवर टाकलं म्हणून चार लोकांनी ऐकलं तरी. तुमच्या पेटीत राहिली असती तर बुरशी लागून गेलीच असती.

मानवतची_लेक
चार लोकांनी कुणाचं म्हणून ऐकलं? नाव नाही ना त्याच्यावर! बुरशी लागली असती तर माझ्या घरात लागली असती. तुमच्या वडिलांचा आवाज असता तर असंच बोलला असता का?

बीडचा_मास्तर
वायर साहेब, नाव काढून टाकणं ही सरळ चोरी आहे, मदत म्हणू नका. आपल्याकडं हे लई झालंय. ऐंशीच्या दशकात टी-सिरीजसारख्यांनी कॅसेट स्वस्त केली, एचएमव्हीची मक्तेदारी मोडली, तेव्हा कुठं भीमगीतं, गोंधळ, कीर्तन गावोगावी पोचलं. १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं त्या काळात आमच्या वस्तीत दिवसभर भीमगीतांच्या कॅसेट वाजायच्या. त्यातली कितीतरी स्थानिक मंडळांची, आज कुठल्याच ॲपवर नाहीत. अन तुम्ही लोक इथं मेटल टेप घेऊन भांडायलात!

वायर_नांदेड
नाव काढलं ते चूकच, त्यात वाद नाही. पण सर, प्रत्येकानं "माझ्या घरातच राहू द्या" म्हणलं तर ते कुणाच्याच कानावर पडणार नाही, हे बी ध्यानात घ्या.

डेकवाला_जालना
मास्तर, त्या कॅसेट वाचवायला पण चांगला डेकच लागतो, म्हणून म्हणतोय. गावातल्या टेपवर भरलेली कॅसेट, त्या टेपचं हेड जेवढं तिरपं तेवढंच तिरपं भरलेलं असतंय. दुसऱ्या मशीनवर लावली की आवाज दबका येतो अन लोकांना वाटतं टेप खराब झाली. हेडजवळचा स्क्रू कानानं ऐकत बारीक फिरवायचा, शब्द उघडतात. प्रत्येक कॅसेटला वेगळा. डॉल्बी बंद, कारण भरताना नव्हतंच. काही वेळा आतली फेल्टची बारकी गादीच निघालेली असती, ती दुसऱ्या कॅसेटातली बसवायची. मोबाईल टेपसमोर धरून हे होत नाही.

गुलमंडीकर
एवढ्या कामापुरता डेक पायजे, बरं. गाणी ऐकायला तरी पण नाही. आणि "कळत नाही" हे शब्द मागं घ्या.

डेकवाला_जालना
तेवढे घेतो. बाकीचे नाही.

मानवतची_लेक
माझ्याकडं अजून एक आहे, एकनाथ षष्ठीला पैठणला भरलेली. वर सी-१२० (म्हणजे दोन्ही बाजू मिळून १२० मिनिटं) लिहिलंय. पोस्टानं पाठवू का?

डेकवाला_जालना
पोस्टानं नको, कुणाच्या हातात पण देऊ नका. तुम्ही स्वतः जालन्याला या, पेनड्राईव्ह आणा, तुमच्यासमोर लावतो अन कॅसेट लगेच परत घेऊन जा. तोपर्यंत घरच्या टेपवर अजिबात लावू नका, सी-१२० ची पट्टी सी-६० च्या निम्मी जाड असती, रिवाइंडला गुंतली तर तुटती. आणि वडिलांचं नाव फाईलला तुम्हीच द्यायचं.