नारळाच्या दुधातली कोळंबी: दूध फुटतंय आणि कोळंबी वातड होतेय

पाऊलवाट
माझे बाबा ७८ वर्षांचे. मूळचे वेंगुर्ल्याचे, गेली चाळीस वर्षं डोंबिवलीत. जानेवारीत त्यांना कवळी बसवली आणि त्यांचं माशाचं जेवण निम्म्यावर आलं. आमटीच्या वाटणातला खोबऱ्याचा चोथा कवळीखाली जाऊन बसतो, हिरडी दुखते. दोन घास खाऊन ताट सरकवतात आणि "भूक नाही" म्हणतात. भूक असते, मला कळतं.

म्हणून वाटण सोडून नारळाच्या दुधात कोळंबी करायला घेतली. तीनदा केली, तिन्ही वेळा बिघडली. दूध फुटतं, वर तेल तरंगतं, खाली पाणी आणि बारीक कण. कोळंबी तर मलाच चावत नाही, बाबांना कुठून चावणार?

माझी पद्धत अशी: कांदा, आलं-लसूण परतायचं, हळद आणि मालवणी मसाला घालायचा, मग मिक्सरवर घरी काढलेलं दूध सगळं एकदम, चार आमसुलं, कोळंबी, आणि झाकण ठेवून दहा-बारा मिनिटं. कोळंबी रविवारी कोळणीकडून सोलून आणते आणि फ्रीझरमध्ये टाकते. ऑफिसातून घरी पोचायला आठ वाजतात, बाबा पावणेनऊला जेवतात. एवढ्यात होईल असं काही सांगाल का?

माडाची_सावली
अगं, तुझे बाबा वेंगुर्ल्याचे म्हणजे आमच्याच बाजूचे. मी शिरोड्याची. तुझ्या साहित्यात काही चूक नाही, क्रम चुकतोय.

दूध एकदम घालायचं नसतं. एका नारळाचं खोबरं कपभर कोमट पाण्यात फिरवून पिळलंस की निघतं ते जाड दूध. ते झाकून बाजूला ठेव. उरलेल्या चोथ्यात दीड कप पाणी घालून पुन्हा फिरव आणि पिळ, ते पातळ. रश्श्याला उकळी आणायची ती पातळ दुधात. जाड दूध सगळ्यात शेवटी, विस्तव बंद केल्यावर. माझी आई चुलीवर करायची तेव्हा म्हणायची, "रस घातलंस काय चुलीतला लाकूड भायर काढ." लाकूड बाहेर काढलं की निखाऱ्याची धग उरते, तेवढी पुरते.

आमसुलाचंही तसंच. आंबट आणि उकळी दोन्ही एकत्र मिळाली की दूध फुटणारच. सोलकढीत आगळ, म्हणजे कोकमाचा आंबट रस, आणि नारळाचं दूध एकत्र असतं ना, पण सोलकढी आपण गरम करत नाही, म्हणून ती टिकते. घरी आल्या आल्या चार सोलं, म्हणजे आमसुलंच, वाटीत दोन चमचे कोमट पाण्यात भिजत घाल. शेवटी ते पाणीच रश्श्यात घाल, सालं काढून टाक. सालसुद्धा कवळीला चिकटतं.

आता कोळंबी. सकाळी निघतानाच फ्रीझरमधून काढून खाली फ्रिजमध्ये ठेव. रात्री धुऊन, पंच्याने टिपून कोरडी कर, हळद-मीठ लाव. आगळ लावून मुरवत ठेवू नकोस, आंबटाने मांस आधीच घट्ट होतं. पातळ दुधाचा रस्सा सहा-सात मिनिटं उकळून चव लागली की मग कोळंबी टाक. मध्यम कोळंबीला दोन ते तीन मिनिटं बास. समोरून हलू नकोस. आधी काचेसारखी असते, मग पांढरी-गुलाबी होत वाकते. अर्धचंद्रासारखी वाकली की गॅस बंद. गोल वेटोळं झालं म्हणजे वेळ टळली. नंतर कितीही शिजवलीस तरी मऊ होणार नाही.

बाबांसाठी आणखी दोन गोष्टी. परतलेला कांदा-लसूण मिक्सरमधून गंधासारखा वाटून घे. आणि दूध चहाच्या गाळणीतून नको, मलमलच्या फडक्यातून पिळ. गाळणीतून चोथा उतरतोच, आणि तोच तर आपल्याला नकोय.

रेवदंडा
ताईंनी सांगितलंय ते सोळा आणे खरं. मी एक भर घालतो, कारण वाटण काढलं की चव पातळ होते आणि तिथेच लोक मसाला वाढवत बसतात.

कोळणीला सांगा, डोकी आणि सालं फेकू नको, वेगळी बांधून दे. रविवारी घरी आल्यावर धुऊन, चमचाभर तेलात लालसर होईपर्यंत परतायची, दोन कप पाणी घालून दहा मिनिटं उकळायची, डावाने डोकी दाबायची आणि फडक्यातून गाळून घ्यायचं. नारिंगी पाणी मिळतं. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा. रात्री पातळ दुधात चार तुकडे टाकलेत की कोळंबी शिजायच्या आधीच रश्श्याला कोळंबीची चव आलेली असते.

दुसरं म्हणजे, मालवणी मसाल्याबद्दल माझं मत वेगळं आहे. जाडसर कुटलेला मसाला वाटणात जिरतो, नुसत्या दुधात कचकचतो. आमच्या अलिबागकडे दुधातली कोळंबी हिरवीच करतात: मिरची, आलं, लसूण, मूठभर कोथिंबीर, अगदी बारीक वाटून. आमसुलाऐवजी हंगामात कैरीची फोड घालून, चव उतरली की काढून टाकतात.

माडाची_सावली
हिरवी छानच लागते, पण वेंगुर्ल्याच्या माणसाला रस्सा लाल दिसल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. कचकच नको असेल तर पाचसहा बेडगी मिरच्या आणि दोन चमचे धणे गरम पाण्यात भिजवून, वाटून, गाळून घे.

गलबत
मी मस्कतमध्ये एकटा राहतो, माझं सगळं डब्यातल्या दुधावर चालतं. ज्या दिवशी नारळ फोडायला त्राण नसेल त्या दिवशी ४०० मिलीचा डबा चालतो. हलवू नका, तसाच उघडा. वर घट्ट थर असतो, तो खराब झालेला नसतो. तेच तुमचं जाड दूध, आणि खालचं पाणी ते पातळ. काही डब्यांत थर येऊच नये म्हणून गवार-गोंद घातलेला असतो, ते दूध सहसा फुटत नाही. लेबल मात्र वाचा, साखर घातलेलं घेऊ नका.

घरचं दूध असेल तर अर्धा चमचा तांदळाची पिठी पातळ दुधात आधी कालवून घ्या. रस्सा मिळून येतो.

पाऊलवाट
काल रात्री केली. आठ वाजून पाच मिनिटांनी घरात शिरले, सोलं भिजत घातली, भात लावला. दूध सकाळीच काढून ठेवलं होतं. बेडगीचा लाल रस्सा केला, डोक्यांच्या पाण्याचे चार तुकडे घातले, पिठी घातली. कोळंबी टाकल्यावर अडीच मिनिटं तिथून हलले नाही. अर्धचंद्र दिसला, गॅस बंद केला, जाड दूध ओतलं, मग आमसुलाचं पाणी. फुटलं नाही! फिकट केशरी रंग, आणि डावाच्या पाठीवर साय धरावी तसा रस्सा बसला होता.

बाबांनी भात दोनदा घेतला. शेवटी वाटी तिरपी करून उरलेला रस प्यायले. मग मला विचारलं, "सोलां खंयची?" आत्याने मे महिन्यात गावाहून पाठवलेली, असं सांगितलं. त्यावर आत्याचं अंगण, तिथलं रतांब्याचं, म्हणजे कोकमाचं झाड, त्यावर चढून कोण पडलं होतं, हे सगळं सांगत बसले. साडेदहा वाजले. जानेवारीनंतर ते ताटावर एवढा वेळ बसले नव्हते.

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. एकच विचारायचं राहिलं. वाटीभर उरलंय आणि बाबांना आज दुपारी तेच हवंय. मी ऑफिसात असेन. ते गरम कसं करतील?

माडाची_सावली
गॅसवर ठेवायला सांगू नकोस, उकळी आली की दोन्ही गोष्टी बिघडतील. पातेल्यात पाणी कडकडीत तापवून गॅस बंद करायला सांग, त्यात ती वाटी ठेवायची, वर झाकण. मधे एकदा ढवळायचं. दहा मिनिटांत चांगलं गरम होतं. फ्रिजमधून खायच्या वेळेलाच काढायचं, आणि आज संपवायचं, उद्यावर ठेवायचं नाही. बाबांना माझा नमस्कार सांग.