गायरानावर सामुदायिक राखीव क्षेत्र होऊ शकतं का? माहिती हवी आहे

नमस्कार मंडळी. आमचं गाव जत तालुक्यात, जिल्हा सांगली. गावच्या गायरानाचा माळ दीडशे एकरांच्या आसपास आहे. लांडगे, खोकड, तरस अजून टिकून आहेत. धनगरांची मेंढरंही तिथंच चरतात.

नामिबियात १९९६ च्या कायद्यानं गावसमूहांना वन्यजीवांवरचे हक्क मिळाले, पर्यटनाचं उत्पन्न थेट त्यांच्याकडे येतं. तेवढं इथं होणार नाही, ठाऊक आहे. (लांडगा बघायला जतला कोण येतंय, हा प्रश्न गावात विचारून झालाय!) पण आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही कलम ३६-क आहे: खाजगी किंवा सामुदायिक जमिनीवर, लोकांच्या तयारीनं राखीव क्षेत्र. समितीत ग्रामपंचायतीनं नेमलेले किमान पाच जण आणि वनखात्याचा एक. जाहीर झाल्यावर समितीचा ठराव आणि शासनाची मंजुरी असल्याशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. आम्हाला नेमकं हेच हवंय, कारण गायरानावर सौर प्रकल्पाची चर्चा सुरू आहे.

ग्रामसभेचा ठराव झालाय. जैवविविधता समिती आहे, नोंदवहीही केली आहे. अडलंय ते सातबाऱ्यावर. मालक ‘महाराष्ट्र शासन’, गायरान म्हणून नोंद फक्त इतर हक्कांत. महसूलवाले वनखात्याकडे पाठवतात, वनखातं म्हणतं जमीन आमची नाही.

चराई बंद होणार असेल तर गाव मागे फिरेल, ही अट पक्की. अभयारण्य नकोच.

तर असं गायरान ‘सामुदायिक जमीन’ धरतात का, की सरकारी म्हणून कलम ३६-अ च्या संवर्धन राखीव क्षेत्राकडेच वळावं लागेल? आणि प्रस्ताव आधी कुणाकडे द्यायचा, जिल्हाधिकाऱ्यांकडे की उपवनसंरक्षकांकडे?