डोनाउएशिंगेनला निघालेय: पाहुण्या कंडक्टरचं नाव बघून तिकीट काढायचं का?

बारामात्रा
नमस्कार मंडळी. जर्मनीत फ्रायबुर्गात राहते, पोटासाठी इंजिनिअर, कान मात्र पक्के हिंदुस्थानी. दादरला गाणं शिकले, ते अजून सुटलेलं नाही. ऑफिसातल्या एकाने डोनाउएशिंगेनच्या नव्या संगीताच्या (म्हणजे आजच्या पाश्चात्त्य शास्त्रीय रचनांच्या) महोत्सवाचं खूळ डोक्यात घातलंय. ऑक्टोबरातले तीन-चार दिवस, बहुतेक रचनांचा पहिलाच प्रयोग. कार्यक्रमपत्रिका उघडली आणि चक्रावले. एसडब्ल्यूआर रेडिओचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा आहे, दरवर्षी तोच वाजवतो. मग शुक्रवारी एक कंडक्टर, रविवारी दुसरा, दोघेही बाहेरून बोलावलेले, हे कशासाठी? मध्ये पुन्हा पाहुणे वाद्यवृंद. रचना आजवर कुणीच ऐकलेली नाही, म्हणजे 'अमक्याने ती कशी मांडली' ही तुलनाच नाही. मग हा माणूस नेमकं काय घेऊन येतो? संगीतकारांपैकी एकही नाव ओळखीचं नाही. तेव्हा तिकीट काढायचं तरी कशाच्या भरवशावर?

पुणे३०
झुबिन मेहतांच्या पलीकडे मला या प्रांतातलं ओ की ठो कळत नाही. पण प्रश्न झकास आहे. इथेच बसतो, चालू द्या.

चौथा_स्टँड
बारामात्रा, मी व्हायोला वाजवते, म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण. मूळ म्हापशाची, आता जर्मनीत. पक्की नोकरी नाही. कुठल्याशा ऑर्केस्ट्रात कुणी आजारी पडलं की फोन येतो. डोनाउएशिंगेनला वाजवलेलं नाही, ऐकायला गेलेय. पण नव्या रचनांच्या तालमींत बरंच घासलंय, त्यावरून सांगते.

पहिल्या प्रयोगाला कंडक्टरकडून सगळ्यात आधी हवी असते ती वेळेची बचत. तालमींचे दिवस मोजके, रचना तीन-चार, आणि प्रत्येकीची लिहिण्याची तऱ्हा निराळी. एकदा माझ्या पानावर सहा ओळींत एक सूर नव्हता. गज घोडीवर घासा, मग घोडीच्या मागे, मग गजाच्या लाकडाने, आणि या सगळ्याला वेगवेगळी चिन्हं. मापं, म्हणजे मात्रांचे गट, ७/१६, ३/८, ५/१६ अशी दर दोन सेकंदांनी बदलणारी. आम्ही सगळे मान खाली घालून मोजतोय. कंडक्टरने थांबवलं आणि म्हणाला, "७/१६ मी दोनच ठोक्यांत देणार, दुसरा लांब. मोजू नका, हात बघा." झालं! अर्ध्या तासाचं काम पाच मिनिटांत. पुढे एके ठिकाणी माप नव्हतंच. तिथे तो डाव्या हाताची बोटं दाखवायचा: एक म्हणजे ब्रासवाले (पितळी फुंकवाद्यंवाले) सुरू, दोन म्हणजे आम्ही, मूठ म्हणजे सगळे गप्प. हे त्याने घरी बसून ठरवून आणलेलं होतं. संगीतकाराने लिहिलेलं नव्हतं.

संगीतकार समोर पाचव्या रांगेत, मांडीवर टेबलाएवढं स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचं एकत्र लिहिलेलं बाड. त्याला दर मिनिटाला उठून काहीतरी सांगायचं असतं. चांगला कंडक्टर त्याला मध्यंतरापर्यंत थोपवून धरतो आणि मध्यंतरात त्याच्याशी भांडतो. ही जातच वेगळी आहे. शहराशहरांत ब्रुकनरसारख्या एकोणिसाव्या शतकातल्या संगीतकाराच्या रचना फार सुंदर करणारे काही लोक इथे पहिल्या तालमीतच घामाघूम होतात, म्हणून बाहेरून माणूस आणायचा. यातले बरेच जण आधी स्वतः वाजवणारे: पेटर रुंडेल आँसांब्ल मोडेर्न या नव्या संगीताच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायचे, सुसाना माल्की गोथेनबर्गच्या ऑर्केस्ट्रात प्रमुख चेलो. तंतूवाल्यांना काय जमतं आणि काय सांगणं नुसता आचरटपणा आहे, हे त्यांना हातातून माहीत असतं.

आणि या महोत्सवाला हे नवं नाही. १९५९ साली रेडिओ ऑर्केस्ट्राचे प्रमुख हान्स रोसबाउड आजारी पडले, ऐन वेळी उभे राहिले फ्रेंच संगीतकार पिएर बुलेझ. कंडक्टर बुलेझ म्हणून लोक त्यांना ओळखायला लागले, त्यात त्या संध्याकाळचा मोठा हात आहे.

तेव्हा माझं मत: नाव बघाच. फक्त प्रसिद्ध आहे का ते बघू नका, त्याने आधी किती नव्या रचना उभ्या केल्यात ते बघा.

जुना_श्रोता
चौथा_स्टँड ताई, तालमीचं वर्णन बेफाम. पण पाहुण्यांना जरा जास्तच माप देताय. पाहुणा दोन हात घेऊन येतो, वाजवणारे घरचेच. रोसबाउड १९४८ पासून १९६२ मध्ये वारेपर्यंत त्या ऑर्केस्ट्राबरोबर होते, म्हणून १९६१ ला लिगेटी या संगीतकाराची 'अ‍ॅट्मॉस्फेअर्स' उभी राहिली. ५६ तंतुवाद्यं आणि प्रत्येकाचा भाग स्वतंत्र! तालाचा मागमूस नाही, मापाच्या रेघा आहेत त्या सगळ्यांनी एकत्र राहावं एवढ्यापुरत्या. लोकांनी ती तिथल्या तिथे पुन्हा वाजवायला लावली. असलं काम आठवड्याच्या पाहुण्याच्या जोरावर होत नाही, त्याला मुरलेला ऑर्केस्ट्रा लागतो.

म्हणूनच बाडेन-बाडेन आणि फ्रायबुर्गचा तो ऑर्केस्ट्रा स्टुटगार्टच्या रेडिओ ऑर्केस्ट्रात विलीन करायचं ठरलं तेव्हा एवढा आरडाओरडा झाला. २०१२ च्या महोत्सवात योहान्नेस क्राइडलर या संगीतकाराने निषेध म्हणून व्हायोलिन आणि चेलो एकत्र बांधून सगळ्यांसमोर मोडले. तरी २०१६ ला विलीनीकरण झालंच. बारामात्रा, तुम्ही फ्रायबुर्गच्या, तेव्हा तिथल्या जुन्या माणसांसमोर हा विषय जपून काढा. अजून दुखतं त्यांना.

पाहुण्यांमध्ये निवडायचंच तर कंडक्टर सोडा, वाद्यवृंद बघा: क्लांगफोरुम विएन, आँसांब्ल मोडेर्न, मुझिकफाब्रिक. ही मंडळी वर्षभर हेच करतात.

चौथा_स्टँड
घरचा ऑर्केस्ट्रा मुरलेला हवा, हे शंभर टक्के मान्य. पण मुरलेल्या ऑर्केस्ट्रालाही नको तो पाहुणा मिळाला की काय होतं, ते मी आतून पाहिलंय. शेवटच्या तालमीत अर्धे लोक कंडक्टरकडे बघायचं सोडून पहिल्या व्हायोलिनवाल्याच्या गजाकडे बघत होते. श्रोत्यांना पत्ता नाही, टाळ्या नेहमीसारख्याच.

बारामात्रा
दोघांचेही आभार! म्हणजे विलंबित धरून ठेवणारा तबलजी आणि नुसता ठेका देणारा तबलजी, असा फरक समजते. दुसरं एक: सुरांच्या बाबतीत माझे कान फार हट्टी आहेत. बेसूर वाटलं की उठून जावंसं वाटतं. तिथे काय होणार माझं?

जुना_श्रोता
उलट तुमच्यासारख्यांनाच गंमत येते. २०१० ला संगीतकार गेओर्ग फ्रीडरिश हास यांची 'लिमिटेड अ‍ॅप्रॉक्सिमेशन्स' तिथे पहिल्यांदा झाली, सिल्व्हां काँब्रलँ कंडक्टर. ऑर्केस्ट्रासमोर सहा पियानो, प्रत्येक आधीच्यापेक्षा पूर्ण स्वराच्या बाराव्या भागाने सरकवून लावलेला. म्हणजे सप्तकात ७२ जागा. सहाही जणांनी मिळून उतरत आणलं की पियानोतून चक्क मींड ऐकू येते. रेकॉर्डिंग शोधून आधी ते ऐका. त्यात रमलात तर महोत्सवात निभाव लागेल. नाही रमलात तर डॅन्यूबचा उगम बघा, फुर्स्टेनबर्गची बिअर प्या आणि परत या.

चौथा_स्टँड
हे बाकी खरं. आणि एक व्यवहारातलं: ऑर्केस्ट्राचा शुक्रवारचा कार्यक्रम रेडिओवर लागतो. तो घरी ऐका आणि तिकीट रविवारच्या समारोपाचं काढा, तोही ऑर्केस्ट्राचाच. एकच ऑर्केस्ट्रा दोन वेगळ्या हातांखाली कसा वाजतो ते कळेल. जागा मधली घेऊ नका, कडेची घ्या. मधून कंडक्टरची फक्त पाठ दिसते. रचना दोन-तीन असतील तर त्यातली एक डोक्यावरून जाणारच, माझ्याही जाते. तेव्हा डावा हात बघत बसते.

बारामात्रा
रविवारचं काढलं, कडेचं. शनिवारी एका पाहुण्या वाद्यवृंदाचंही घेतलं, म्हणजे जुना_श्रोता नाराज नकोत. नवरा म्हणतो तो उगम बघणार.

पुणे३०
नवऱ्याला बिअरचं सांगितलंत ना?