मदत हवी आहे: ऑफ तासाला अख्खा वर्ग लायब्ररीत येतो, अभ्यासाला बसणाऱ्या मुलांची जागा कशी राखायची?

नमस्कार. मी परळ भागातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत ग्रंथपाल आहे. शाळा पाचवी ते दहावी. नववी-दहावी सकाळी, पाचवी ते आठवी दुपारी. माझी वेळ दोन्ही सत्रांना धरून आहे. शाळेच्या ग्रंथालयात काम करणाऱ्यांचा सल्ला हवाच आहे, पण शिक्षक आणि पालकांनीही सांगितलं तर बरं होईल. जरा सविस्तर लिहिते, नाहीतर अडचण कुठे आहे ते कळणार नाही.

ग्रंथालय म्हणजे एका वर्गाएवढी खोली. भिंतींना लागून काचेची कपाटं, मधे लांब टेबलं, बसायला ३६ जागा. वेळापत्रकात प्रत्येक वर्गाला आठवड्याला एक वाचन तास आहे. त्याला मराठीचे शिक्षक वर्गाबरोबर येतात, देवघेव होते, मुलं वाचतात, काही त्रास नाही. त्रास ऑफ तासाचा. कुणी रजेवर असलं की पर्यवेक्षिकाबाई बदली लावतात, आणि बदलीला कुणी मोकळं नसेल तर वर्ग माझ्याकडे येतो. ६० मुलं, बरोबर शिक्षक नाही, आधी निरोप नाही. निवडणुकीची कामं, प्रशिक्षणं, बोर्डाच्या परीक्षांची पर्यवेक्षणं, या काळात हे वाढतं. पावसाळ्यात सायन-कुर्ल्याला रुळांवर पाणी भरलं की डोंबिवली-कल्याणहून येणारे शिक्षक गाडीतच अडकतात, आणि एकाच तासाला दोन-दोन वर्ग माझ्या दारात उभे असतात.

शाळेची अडचण मला कळते. पर्यवेक्षिकाबाईंना तरी ऐनवेळी शिक्षक कुठून मिळणार? माझा जीव तुटतो तो दहावीच्या मुलींसाठी. आमच्याकडची बरीच मुलं चाळीत राहतात. एका खोलीत पाच-सहा माणसं, लहान भावंडं, टीव्ही, रात्रपाळी करून आलेले वडील झोपलेले. गणपती जवळ आले की गल्लीत ढोल-ताशाचा सराव. मुली घरी पोचल्या की पाणी, भांडी, धाकट्यांचा डबा हे आलंच. म्हणून काही जणी सकाळचं सत्र सुटलं की घरी न जाता माझ्याकडे येतात, डबा खातात आणि दोन-अडीच तास प्रश्नपत्रिका सोडवत बसतात. बाहेर अभ्यासिका आहेत, पण तिथे स्पर्धा परीक्षांची मोठी मुलं असतात आणि संध्याकाळी मुलींना एकटं पाठवायला घरचे तयार नसतात. शांत टेबल मिळण्याची त्यांची जागा एवढीच. तिथे आठवीचा वर्ग येऊन धडकला की त्या मुकाट्याने वह्या गोळा करतात आणि जिन्यात जाऊन बसतात. त्यांनी तक्रार कधी केली नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटतं.

पण आठवीची मुलंही माझीच आहेत. एरवी पुस्तकाला हात न लावणारी मुलं ऑफ तासालाच कपाटापाशी रेंगाळतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. ज्याच्या नावावर शाळेतल्या निम्म्या तक्रारी आहेत अशा एका मुलाला बालभारतीच्या 'किशोर'चे जुने बांधीव अंक सापडले. आता तो वाचन तासाचीसुद्धा वाट बघतो. १९७१ पासूनच्या त्या अंकांत एका बैठकीत संपेल असं खूप काही आहे, ३५ मिनिटांच्या तासाला ते नेमकं पुरतं. त्यामुळे 'ऑफ तासाला लायब्ररी बंद' असा सरसकट नियम मला नको आहे.

काय काय करून पाहिलं ते सांगते. वर्गातून दहाच मुलं पाठवायची, विषयशिक्षकांच्या सहीची चिठ्ठी घेऊन, असं ठरवलं. पण शिक्षकच रजेवर असतात, मग चिठ्ठ्या मॉनिटरच्या हातात जातात आणि दर वेळी तेच दहा चेहरे येतात. दारात नोंदवही ठेवून नाव, इयत्ता, काम लिहायला लावलं, तर रांगेतच तासाचा पाव भाग गेला. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांतलं चौथं 'वाचकाचा वेळ वाचवा' असं आहे, त्याच्या हे अगदी उलट होत होतं, म्हणून थांबवलं. खिडकीकडचं टेबल दहावीसाठी राखीव केलं. वर्गाबरोबर शिक्षक असतील तेव्हा ते राखीव राहतं, नसतील तेव्हा नाही.

दुसरा गुंता कपाटांचा. साठ मुलांत मी एकटी, म्हणून अशा वेळी कपाटांना कुलूप घालावं लागतं, कारण वार्षिक पडताळणीत पुस्तक कमी भरलं की उत्तर मलाच द्यायचं असतं. आणि कपाट बंद असलं की मुलांच्या हाताला काही लागत नाही, मग गोंगाट होणारच. सध्या मी एक खोका वेगळा काढलाय: छोट्या गोष्टी, कोडी, नकाशांची पुस्तकं, विज्ञानाचे प्रयोग. दाखलनोंदवहीत (ग्रंथालयात आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात नोंदतात ती वही) असलेल्या क्रमांकांची यादी खोक्यावर चिकटवली आहे, तास संपला की मोजून आत. एवढ्याने पंधरा-वीस मुलं नक्की रमतात. राहिलेल्या चाळिसांचं काय, तिथे मी अडले आहे.

तुमच्या शाळेत एका वेळी किती मुलं घ्यायची याची मर्यादा लेखी आहे का? असल्यास उरलेला वर्ग कुठे बसतो आणि कुणाच्या देखरेखीखाली? शिक्षक बरोबर नसताना पुस्तक हरवलं तर जबाबदारी कुणाची धरतात? आणि दहावीच्या मुलांसाठी ठरावीक वेळ राखणं कुणाला जमलंय का, विशेषतः दोन सत्रांच्या शाळेत?

भर: पहिल्या दोन प्रतिसादांबद्दल आभार. खोका वर्गातच पाठवावा ही सूचना मला फार पटली, मॉनिटरकडे यादी दिली तर ते होईल असं वाटतं. सभागृहाचं विचारलंत, पण ते आमच्याकडे नाही. आठवीतलीच चार-पाच मुलं मदतनीस म्हणून तयार करावीत असं जे सुचवलंत, ते कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर मुलं कशी निवडलीत ते सांगा. हुशार मुलांनाच पुन्हा मान मिळावा असं मला नकोय. शनिवारी मुख्याध्यापकांपुढे हे सगळं मांडायचं आहे, तेव्हा तुमच्याकडे नियमांचा कागद असेल तर शाळेचं नाव वगळून त्यातला मजकूर शुक्रवारपर्यंत इथे द्याल का?